नाव घ्यायला नऊ सेकंद लागतात

११ फेब्रुवारी २०१२ ला अमेरिकन गायिका व्हिटनी ह्यूस्टन गेली. बेव्हर्ली हिल्समधल्या एका हॉटेलच्या खोलीत, वयाच्या ४८ व्या वर्षी. दुसऱ्याच दिवशी लॉस एंजेलिसला ग्रॅमी पुरस्कारांचा सोहळा होता. रातोरात कार्यक्रम बदलला आणि श्रद्धांजलीचं गाणं गायिका जेनिफर हडसनच्या वाट्याला आलं. काळा पोशाख, मागे व्हिटनीचा फोटो, साथीला पियानो. गाणं अर्थातच 'आय विल ऑलवेज लव्ह यू'. जेनिफरचा आवाज छप्पर उडवणारा आहे, पण त्या रात्री तिने तो जवळजवळ पूर्ण वेळ मुठीत धरून ठेवला. गाणं थोडक्यात आटोपलं आणि शेवटाकडे येता येता मूळ शब्दांमध्ये व्हिटनीचं नाव गुंफलं. सभागृहात बसलेले एकजात गाण्याच्या धंद्यातले लोक, तरी डोळे पुसत होते.

मी ते चित्रण किती वेळा पाहिलंय याचा हिशोब नाही. दर वेळी भरून येतं, आणि दर वेळी मनात तीच एक खोडी येते. त्या रात्री जगात कुणालाही विचारलं असतं, 'हे गाणं कुणाचं?', तर उत्तर एकच आलं असतं. आणि ते चुकलं असतं. जेनिफरने ज्याचं कव्हर गायलं, म्हणजे दुसऱ्याने आधी गायलेलं जे गाणं पुन्हा गायलं, ते व्हिटनीचं गाणंही कव्हरच होतं. मूळ गाणं डॉली पार्टन या अमेरिकन गायिकेचं. शब्द तिचे, चाल तिची, पहिला आवाजही तिचा.

ही खोडी यायचं कारण माझ्या धंद्यात आहे. मी बावीस वर्षं गाण्यांच्या कार्यक्रमांचं निवेदन करते. दोनेक वर्षांपूर्वी जुन्या गाण्यांच्या एका कार्यक्रमात आयोजकांनी गाण्यांची यादी हातात ठेवली आणि वर तोंडी सूचना दिली: "मॅडम, फक्त मूळ गायकाचं नाव घ्या. गीतकार, संगीतकार वगैरे नको, वेळ जातो." विंगेत उभी राहून मी मोबाइलवर वेळ लावून बघितली. गीतकार आणि संगीतकार, दोघांची नावं नीट, न घाईत घेतली तर एका गाण्याला नऊ सेकंद लागतात. चोवीस गाणी होती. म्हणजे एकूण साडेतीन मिनिटं आणि वर सहा सेकंद. त्याच कार्यक्रमात प्रायोजकांच्या सत्काराला पंचवीस मिनिटं गेली, त्यात शाल शोधायलाच चार.

कव्हर गाण्यांबद्दल आपल्याकडे जो वाद चालतो तो बहुतेक वेळा भलत्याच जागी चालतो. मूळ चांगलं की नवं, याने त्याची नक्कल केली की त्याने 'स्वतःचं काही आणलं', असल्या चर्चांमध्ये रात्री जातात. गाणं कुणीही गावं, कुठेही गावं, गाण्याआधी कुणाच्या दारात परवानगीची झोळी घेऊन उभं राहायची वेळ येऊ नये, या मताची मी आहे. पण ज्याने ते लिहिलं आणि बांधलं त्याचं नाव आणि त्याचा वाटा त्या गाण्याबरोबर प्रत्येक मंचावर चढलाच पाहिजे. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात असं लोकांना वाटतं. डॉली पार्टनची गोष्ट नेमकी उलटं सांगते.

डॉली टेनेसीच्या डोंगराळ भागातली, बारा भावंडांतली. १९६७ मध्ये ती पोर्टर वॅगनर या नामांकित कंट्री (अमेरिकेच्या ग्रामीण भागातून आलेलं संगीत) गायकाच्या टीव्ही कार्यक्रमात दाखल झाली. सात वर्षं त्याच्याबरोबर गायली, त्याच्याच आधाराने मोठी झाली, आणि मग तिला एकटीने उडायचं होतं. पोर्टर काही सोडेना. रोज वाद. ती सांगते की ऐकून घ्यायलाच तयार नसलेल्या माणसाला समजावण्यापेक्षा तिने घरी जाऊन गाणं लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या ऑफिसात जाऊन गाऊन दाखवलं. पोर्टर रडला. म्हणाला, जा, पण या गाण्याच्या रेकॉर्डचा निर्माता मी. जून १९७३ मध्ये नॅशव्हिलला ते ध्वनिमुद्रित झालं आणि १९७४ मध्ये कंट्रीच्या यादीत पहिलं आलं.

म्हणजे जगभर लग्नात वाजणारं हे प्रेमगीत मुळात एका नोकरी सोडणाऱ्या बाईने साहेबाला दिलेला राजीनामा आहे! (आपल्याकडेही वरातीत बँडवाले विरहाची गाणी बिनदिक्कत वाजवतात आणि वऱ्हाडी त्यावर नाचतात, तेव्हा अमेरिकनांना हसायला नको.) पुढे याच पोर्टरने तिच्यावर लाखो डॉलरचा दावा ठोकला, तो कोर्टाबाहेर मिटला. तरीही २००७ मध्ये, तो जायच्या थोडंच आधी, तिने त्याच्यासमोर हे गाणं पुन्हा गायलं.

डॉलीचं मूळ ध्वनिमुद्रण आजच्या कानाला जवळजवळ लाजाळू वाटेल. आवाज बारीक, थरथरता. साज नावापुरता. शेवटचं कडवं तर ती गातच नाही, बोलते. निरोप घेताना माणूस जसं खालच्या आवाजात 'सुखी राहा' म्हणतो, तसं. ज्याला आपण जागा म्हणतो तशी एकही जागा त्यात नाही, आणि तेच त्याचं बळ आहे.

आता खरी गोष्ट. गाणं गाजल्यावर एल्विस प्रेस्लीला ते आवडलं. त्याला गायचं होतं, दिवस ठरला, डॉलीला स्टुडिओत यायचं आमंत्रणही गेलं. तिने गावभर सांगितलं असेल, कुणीही सांगेल. आणि आदल्या दिवशी एल्विसचा व्यवस्थापक कर्नल टॉम पार्कर याचा फोन आला: एल्विस जे गातो त्याच्या प्रकाशनहक्कांचा निम्मा वाटा आमचा, हा आमचा नियम. गाणं आधीच पहिल्या क्रमांकावर जाऊन आलेलं, हक्क तिच्या स्वतःच्या प्रकाशन कंपनीकडे. समोर त्या काळातला सगळ्यात मोठा आवाज. लोकांनी तिला वेड्यात काढलं. ती 'नाही' म्हणाली, आणि रात्रभर रडली. हे तिने स्वतः कित्येकदा सांगितलंय.

या 'नाही'मध्ये तिने एल्विसला गाण्यापासून अडवलं नाही, हे नीट बघायला हवं. गा की, खुशाल गा. फक्त गाण्याची मालकी तुझ्या नावावर करून देणार नाही, एवढंच तिचं म्हणणं होतं. गायला देणं आणि विकून टाकणं यातला फरक अठ्ठावीस वर्षांच्या त्या मुलीला कळला होता. तो भल्याभल्यांना कळलेला नाही. आपल्याकडच्या किती गीतकारांनी एकरकमी पाकिटावर सही करून आयुष्यभराची गाणी देऊन टाकली, ते आठवून बघा.

अठरा वर्षांनी, १९९२ मध्ये, नट केव्हिन कॉस्नरच्या 'द बॉडीगार्ड' या चित्रपटात व्हिटनीला गायला गाणं हवं होतं. कॉस्नरनेच हे सुचवलं. संगीत-निर्माता डेव्हिड फॉस्टर याने कामाला घेतलं ते गायिका लिंडा रॉनस्टॅटचं १९७५ चं ध्वनिमुद्रण, म्हणजे तेही कव्हरच, आणि त्यात शेवटचं कडवं नव्हतं. फॉस्टरचं डॉलीशी फोनवर बोलणं झालं तेव्हा तिने विचारलं की ते कडवं आहे ना. नाही म्हटल्यावर तिने ते फोनवरच सांगितलं. मला हा प्रसंग फार आवडतो. गाणं दुसऱ्याच्या हातात देताना मूळ कवयित्री 'तुमचं तुम्ही बघा' म्हणत नाही, 'माझं एक कडवं राहिलंय' म्हणते.

सुरुवातीचा जवळजवळ पाऊण मिनिट वाद्यांशिवाय, नुसत्या आवाजात, हाही कॉस्नरचा हट्ट. रेडिओवर असं चालणार नाही म्हणून रेकॉर्ड कंपनी कुरकुरत होती. मग हळूहळू साज येतो, सॅक्सोफोन येतो, आणि शेवटाकडे सगळं थांबतं. एक क्षण काहीच नाही. मग ड्रमचा एकच ठोका आणि पट्टी चढते, पेटीच्या भाषेत पांढरी सहातून पांढरी सात. त्या एका ठोक्यासाठी जगभरातल्या कराओके हॉलमध्ये किती लोकांनी आपले गळे फोडून घेतले असतील!

डॉली गाडी चालवत होती. रेडिओ लावला तर कुणीतरी वाद्यांशिवाय काहीतरी म्हणत होतं. ओळखीचं वाटलं, पण कळेना. मग ध्रुवपद आलं. ती सांगते की हृदय इतक्या जोरात धडधडायला लागलं की गाडी आदळायच्या बेतात होती. बाजूला घेऊन थांबावं लागलं. पुढे अमेरिकेच्या यादीत ते गाणं सलग १४ आठवडे पहिलं राहिलं, आणि कवयित्री-संगीतकार म्हणून प्रत्येक प्रतीमागे, रेडिओवरच्या प्रत्येक वाजण्यामागे डॉलीला तिचा वाटा पोहोचत राहिला. त्यातल्या पैशातून तिने नॅशव्हिलच्या कृष्णवर्णीय वस्तीत इमारतींचा एक गट विकत घेतला. व्हिटनीच्या लोकांमध्ये तो पैसा गेला याचं तिला समाधान आहे, आणि त्या जागेला ती 'व्हिटनीने बांधलेलं घर' म्हणते.

एल्विसला हो म्हटलं असतं तर यातलं निम्मं घर कर्नलसाहेबांचं झालं असतं. डॉलीचा मोकळेपणा, व्हिटनीबद्दलचं तिचं निखळ कौतुक, 'गाणं माझं, पण सोनं तिने केलं' असं म्हणण्याची दानत, हे सगळं पायाखाली जमीन घट्ट असल्यामुळे शक्य झालं. ज्याची मालकी शाबूत असते तोच मनापासून टाळी वाजवू शकतो. ज्याची हिसकावून घेतलेली असते तो कार्यक्रमाला येतच नाही, आणि मग आपण म्हणतो की जुन्या लोकांना नवं सहन होत नाही.

ही जमीन आपोआप तयार झालेली नाही, ती भांडून झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत घरोघर आपोआप वाजणारे पियानो आले, भोकं पाडलेल्या कागदाच्या गुंडाळ्यांवर चालणारे. गुंडाळी म्हणजे गाण्याची प्रत नव्हे, कारण माणसाला ती वाचता येत नाही, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९०८ मध्ये दिला; म्हणजे संगीतकाराला छदाम नाही. पुढच्याच वर्षी कायदा बदलला. पण एकाच कंपनीने सगळी गाणी गिळू नयेत म्हणून त्यात एक मेख ठेवली: गाणं एकदा मालकाच्या संमतीने ध्वनिमुद्रित झालं की पुढे कुणालाही ते पुन्हा ध्वनिमुद्रित करता येईल, परवानगी न मागता, ठरलेला दर भरून. दर होता प्रतीमागे दोन सेंट. तो १९७८ पर्यंत दोन सेंटच राहिला, हा भाग वेगळा. आज आपण ज्याला कव्हर म्हणतो त्याचा जन्म या कलमात आहे. गायकाला दार उघडं, रचनाकाराला टोल.

मंचावर प्रत्यक्ष गाण्याचा हिशोब निराळा. न्यूयॉर्कमध्ये शॅनलीज नावाचं रेस्टॉरंट होतं. जेवणाऱ्यांसाठी तिथे गाणं चाले, आणि संगीतकार व्हिक्टर हर्बर्ट याने पैसे मागितले. मालक म्हणाला, मी गाण्याचं तिकीट लावत नाही, जेवण विकतो. १९१७ मध्ये न्यायमूर्ती होम्स यांनी जो निकाल दिला त्याचा आशय असा की, गाण्याने फायदा होत नसता तर तुम्ही ते ठेवलंच नसतं. आणि फायदा होतोय तर तो गिऱ्हाइकाच्याच खिशातून येतोय. तेव्हापासून सभागृह, हॉटेल, वाहिनी यांनी रचनाकारांच्या संस्थेला एक ठोक रक्कम भरायची आणि गायकाने हवं ते गायचं, अशी घडी बसली. म्हणून जेनिफर हडसनला एका रात्रीत डॉलीच्या गाण्यावर उभं राहता आलं.

इथवर सगळं छान वाटतं, म्हणून आता दुसरी बाजू, जी डॉली-व्हिटनीच्या गोड गोष्टीत झाकली जाते. कव्हरचा इतिहास गोड नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेत कृष्णवर्णीय कलाकाराने एखादं गाणं गाजवलं की तेच गाणं गोऱ्या गायकाकडून, जरा धुऊन इस्त्री करून, घाईघाईने बाजारात आणलं जाई. लिटल रिचर्डच्या पहिल्या मोठ्या गाण्यापेक्षा पॅट बूनची त्याची मिळमिळीत आवृत्ती यादीत वर गेली. 'हाउंड डॉग' आज एल्विसचं म्हणून ओळखलं जातं. ते आधी गाजवलं बिग मामा थॉर्नटन या बाईने, १९५३ मध्ये. गाणं लिहिणाऱ्यांना पैसे मिळत राहिले. थॉर्नटनला ५०० डॉलरच्या एका चेकपलीकडे काही दिसलं नाही, असं ती सांगत असे. कारण कायद्याच्या लेखी गाणं म्हणजे शब्द आणि चाल. गळा नाही, ढंग नाही, ती गुरगुर नाही. गळ्याची नक्कल फुकट.

आणि ही उणीव व्हिटनीलाही लागू आहे. अमेरिकेत आजही साध्या रेडिओवर गाणं वाजलं तर रचनाकाराला पैसे मिळतात, गाणाऱ्याला नाही. तो पाऊण मिनिट, तो एक थांबलेला क्षण रेडिओवर लागतो तेव्हा डॉलीच्या खात्यात काहीतरी जमा होतं, व्हिटनीच्या वारसांकडे त्या वाजण्याचं काहीच जात नाही. ज्यांना वाटतं की रचनाकाराचा हक्क राखला म्हणजे न्याय झाला, त्यांच्यासाठी हा चिमटा. मलाही तो बसतो. माझ्या नऊ सेकंदांत वाद्यवृंद-संयोजकाचं नाव कुठे असतं?

आपल्याकडे हा झगडा उलट्या टोकाने झाला. साठच्या दशकात लताबाईंनी गायकांना रॉयल्टी हवी म्हणून आग्रह धरला, रफीसाहेबांचं मत वेगळं होतं, आणि काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत. तेव्हा बाईंना हेकेखोर म्हणणारे पुष्कळ होते. पुढे ऐंशीच्या दशकात टी-सीरिजने कॉपीराइट कायद्यातल्या एका कलमाचा आधार घेऊन जुन्या गाण्यांच्या 'व्हर्जन' कॅसेटी नव्या गळ्यांकडून गाऊन स्वस्तात विकल्या. खेडोपाडी गाणं पोहोचलं ते त्या कॅसेटींमुळे, हे नाकारून चालणार नाही; आमच्या घरातल्या निम्म्या कॅसेटी तसल्याच होत्या, आणि लताबाई म्हणून आम्ही भलत्याच बाई ऐकत होतो. त्याच कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीने चित्र बदललं. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत लावून धरलेल्या या बदलामुळे गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा वाटा त्यांच्याकडून लिहून घेता येत नाही. गायकांनाही त्यांच्या सादरीकरणाच्या व्यापारी वापरावर वाटा मिळण्याची सोय झाली, जी अमेरिकेच्या रेडिओने अजून दिलेली नाही. कव्हर करायचं तर मूळ ध्वनिमुद्रणाचं वर्ष संपल्यावर पाच वर्षं थांबायचं, किमान पन्नास हजार प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरायची आणि हे कव्हर आहे असं वेष्टनावर स्पष्ट छापायचं. लग्नातल्या गाण्यांना मात्र कायद्यानेच सूट आहे, तेव्हा वरातवाल्यांनी घाबरू नये.

कागद चांगला आहे. पण ऑर्केस्ट्रा ठरवताना आयोजक मंडपवाल्याचे, जनरेटरचे, फ्लेक्सचे पैसे आधी मोजतात, आणि गीतकार-संगीतकारांच्या संस्थेचा परवाना म्हटलं की 'हे काय नवीन?' असा चेहरा करतात. नवीन काही नाही, संस्था १९६९ पासून आहे. आणि तो भार गाणाऱ्या पोरांवर टाकू नये. दोन हजार रुपयांवर रात्रभर गाणाऱ्या मुलीने कुणाला काय द्यायचं? तिकीट जो विकतो, जाहिरातीचे फलक जो लावतो, त्याने द्यावं. होम्ससाहेबांनी शंभर वर्षांपूर्वी सांगितलेलं तेच.

हे बोललं की जाणकार मंडळी हमखास म्हणतात, आपली परंपरा वेगळी, आपल्याकडे बंदिशीला मालक नसतो. पिढ्यानपिढ्या एकच चीज गातात, कुणी तिला कव्हर म्हणत नाही. पहिली गोष्ट खरी आहे. पण म्हणून रचनाकार अनाम होता, हे साफ चूक. सदारंगाच्या ख्यालात 'सदारंग' असतोच. फैय्याज खाँच्या चिजेत 'प्रेमपिया' हे त्यांचं टोपणनाव येतं, जगन्नाथबुवांच्या चिजेत 'गुणीदास' हे त्यांचं. आणि अभंग? 'तुका म्हणे' गाळून तुकोबांचा अभंग गाऊन दाखवा. जमणारच नाही, चरण लंगडा होईल. आपल्या लोकांनी नाव गाण्याच्या पोटातच शिवून टाकलं. निवेदिका विसरली, आयोजकाने वेळ कापला, मैफल कुठल्या घराण्याची का असेना, भीमसेनजी गाऊ देत नाहीतर देवळातलं भजनी मंडळ, तुकाराम चुकत नाही. इतका भक्कम बंदोबस्त अमेरिकेच्या कायद्यालाही जमला नाही. मालकी नव्हती, पण नाममुद्रा होती. चित्रपटगीत आणि भावगीत आलं तेव्हा ती मुद्रा गाण्याच्या बाहेर पडली, आणि मग आकाशवाणीने 'गीत, संगीत, स्वर' अशी तीन नावं घेऊन ती बराच काळ सांभाळली. आता मोबाइलवरच्या पट्टीत एकच नाव दिसतं, गाणाऱ्याचं. बाकीच्यांसाठी तीन ठिपके दाबावे लागतात.

हे लक्षात आलं तेव्हा जेनिफरचं ते गाणं मला पुन्हा नव्याने दिसलं. तिने व्हिटनीचं नाव शब्दांत गुंफलं, म्हणजे न कळत नाममुद्राच घातली. फक्त ती घातली गळ्याची. गाण्याची राहिली.

आणखी एक. प्रत्यक्ष मंचावरची या गाण्याची बहुतेक कव्हरं फसतात, आणि ती फसण्याचं कारणही याच विस्मरणात आहे असं माझं मत आहे. स्पर्धांमधल्या मुली गाणं गातच नाहीत, त्या व्हिटनी गातात. सगळं लक्ष त्या ड्रमच्या ठोक्यावर. आधीची तीन मिनिटं म्हणजे उंच उडीच्या आधीची धाव. डॉलीचं मूळ ऐकलेलं असेल तर कळतं की इथे ओरडायला काही नाहीच, इथे एक बाई दार हळूच ओढून घेऊन निघून चालली आहे. व्हिटनीने ते शिखरावर नेलं कारण तिच्याकडे शिखर होतं, आणि पाया कुठे आहे हे तिला त्या पाऊण मिनिटात पक्कं ठाऊक होतं. बियॉन्सेने २०२४ मध्ये डॉलीचंच 'जोलीन' गाताना शब्दच फिरवले. मुळातली बाई समोरचीला गयावया करते, बियॉन्सेची सरळ दम देते. डॉलीची त्याला हरकत नव्हती, त्या अल्बमवर तिचा स्वतःचा आवाजही आहे. मला ते फिरवलेलं गाणं तितकंसं आवडलं नाही. पण बियॉन्सेने मूळ गाणं उलटसुलट करून बघितलं होतं, एवढं मात्र ऐकताना कळतं.

गेल्या महिन्यात पुण्यात एका महाविद्यालयाच्या कार्यक्रमाचं निवेदन माझ्याकडे होतं. शेवटून दुसरं गाणं हेच. गाणारी मुलगी दुसऱ्या वर्षाची, सडपातळ, हातात पाण्याची बाटली, विंगेत येरझाऱ्या घालत होती. कार्डावर लिहायला म्हणून विचारलं, "कुणाचं गं?"

"व्हिटनीचं, मॅम."

"लिहिलंय कुणी?"

"तिनेच ना?"

दोन गाणी व्हायची होती, तेवढ्या वेळात तिला पोर्टरचं ऑफिस, कर्नलचा फोन आणि रस्त्याकडेला थांबलेली गाडी एवढं सांगून झालं. तिला कर्नलचा भयंकर राग आला. "म्हणजे माझ्या आईने लिहिलेल्या अभंगाला कुणी म्हणायचं, निम्मा आमच्या नावावर कर?" मी म्हटलं, तुझी आई अभंग लिहिते? "हो, भिशीत म्हणतात त्या." मग जरा थांबून म्हणाली, "मॅम, पण व्हिटनीचं नाव घ्याल ना?"

घेतलं. "गीत आणि संगीत डॉली पार्टन, १९७४. जगाच्या कानाकोपऱ्यात नेलं व्हिटनी ह्यूस्टन यांनी, १९९२." मग मुलीचं नाव, कीबोर्डवाल्याचं नाव, आणि ज्याने रात्री बसून तिच्या पट्टीत साज बसवला होता त्या मुलाचंही. नऊ सेकंदांत बसलं नाही, बावीस लागले. साउंडवाला खालून मनगटावर बोट आपटून दाखवत होता. मी त्याच्याकडे बघितलंच नाही.